तारेची बाटली

मी माझ्या सासूबाईंना बियर पाजलेली आहे. अख्खी बाटली, भरदुपारी, चांदीच्या फुलपात्रातून. वर "सगळं संपवा हं, गाळ ठेवू नका," असं बजावून.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. त्या वेळचा एक फोटो आहे, नाकात नथ, हनुवटी वर. तो पाहिला की अजून त्या पोरीला एक ठेवून द्यावीशी वाटते. आता माझा नातू पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत डबे मांडून बियर करतो. छंद म्हणून, शिवाय विकतची परवडत नाही म्हणून. परवा त्यानं मला घोटभर चाखायला दिली. मी म्हटलं, "कडवटपणा कमी पडलाय. काडेचिराईत घाल." त्याच्या हातातला ग्लास पडता पडता राहिला. आजीला हे ज्ञान कुठून?

ज्ञान शांतवनमामांकडून.

शांतवनमामा दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमचे शेजारी. भिंतीला भिंत. माझे यजमान मालधक्क्यावर कारकून. मामा इंजिन ड्रायव्हर होऊन रिटायर झालेले. क्वार्टर त्यांच्या मुलाच्या, दाविदच्या नावावर. दाविद फायरमन, पंचविशीचा, मुका म्हणावा इतका अबोल. मामी आदल्याच वर्षी वारल्या होत्या, त्यामुळे घरात दोन पुरुष आणि सहा कोंबड्या. मामा मूळचे शिरूरचे, तिथल्या मिशनच्या शाळेत शिकलेले. माझं माहेर शिरूर हे कळल्यावर त्यांनी उभ्या उभ्या नातं लावून टाकलं. "शिरूरची ना तू? मंग मी मामा, तू भाची. इषय संपला."

मामा काहीही विकत घेत नसत. साबण घरचा, दंतमंजन घरचं, चपलेचा तळ जुन्या टायरचा. शर्टाचं बटण तुटलं तर करवंटीचा तुकडा घासून, भोकं पाडून लावत. भाजीवाली आमच्या दारात ओरडायची आणि त्यांच्या दारावरून तोंड मिटून जायची. विचारावं तर उत्तर ठरलेलं, "इकतचं नगं. इकतच्या जिनसेत कोन काय घालतंय, कुनी बघितलंय?" सगळी लाईन त्यांना चिक्कू म्हणे. मीही म्हणायची.

त्यातलाच एक उद्योग सातूचा. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भाजायचे, जाडसर भरडून उकळायचे. त्यात गूळ, कडवटपणाला काडेचिराईत, वर बेकरीतून मागून आणलेलं खमीर. हे सगळं एका ढेरपोट्या चिनी बरणीत फडकं बांधून कोपऱ्यात ठेवायचं. बरणी एका गोऱ्या फोरमनची. तो विलायतेला परत जाताना मामांना बरणी आणि कृती, दोन्ही देऊन गेला होता.

रोज सकाळी मामा त्या बरणीला कान लावून बसत. आत बुडबुड चाले. मी विचारायची, "मामा, कुठवर आलं?"

"सुटलीया. दौंड यार्ड सोडलं, पाटस येतंय."

दोन दिवसांनी, "केडगाव गेलं." मग यवत, मग उरळी. लोणीला आलं की फेस बसायला लागे. आणि एके दिवशी बरणीवर थाप मारून म्हणत, "पुनं आलं. उतरा!" मग बाटल्या भरायच्या, बुचं ठोकायची आणि बुचावरून तार पिळून फळीवर मांडायच्या. कुणाला बाटलीतून काही दिलं, तर रिकामी बाटली धुऊन परत आलीच पाहिजे. आली की उन्हाकडे धरून बघायचे आणि नाक घालून वास घ्यायचे.

दिवस दारूबंदीचे होते. हे काय आहे म्हणून मी विचारलं, तेव्हा मामा म्हणाले, "सातूचं पानी." मला पटलं. सातूच्या पाण्याला फेस का, तार का, असले प्रश्न पडायला डोक्यात जागा लागते. ती नथीनं व्यापलेली होती.

खरं काय ते मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते. दाविद आईच्या माघारी बिघडला होता. ड्युटी सुटली की पाटसच्या बाजूला ओढ्यात हातभट्टी होती, तिकडे वळायचा. त्या भट्टीत नवसागर घालत, बॅटरीतलं काय काय घालत. मामांनी त्याला मारलं नाही, शपथ घातली नाही. फोरमनची बरणी माळ्यावरून खाली काढली. रोज संध्याकाळी दोघं ओट्यावर बसत, एक बाटली, दोन पेले. भिंतीआडून मी ऐकलेलं आहे.

"अर्धी तुझी, अर्धी माझी. वड्याला जायचं न्हाई."

"व्हय, आबा."

मला वाटायचं, ओढ्यावर पोहायला जाऊ नको म्हणताहेत. एवढा मोठा घोडा आणि अजून वडिलांना पोहण्याची भीती! मी यजमानांना सांगून हसलेसुद्धा होते.

त्या उन्हाळ्यात सासूबाईंना उन्हाळी लागली. लघवीला आग, थेंब थेंब, जिवाची तगमग. सातूचं पाणी हा त्यावर घरोघरचा उपाय. मी मामांकडे धावले. त्यांनी कपाळाला हात लावला, मग निमूटपणे साधे सातू उकळून, गाळून बाटलीत भरून दिले. बाटलीच्या गळ्याला पांढरी चिंधी बांधली. "चिंधीची तुझी. तारेला हात लावायचा न्हाई. काय सांगितलं?"

"तारेला हात लावायचा नाही."

सासूबाई किरिस्तावाच्या घरचं पाणी प्यायल्या नसत्या, म्हणून मी वैद्यांकडचं म्हणून सांगितलं. गुण थोडा आला. मामा रोज विचारत, "म्हातारीची उन्हाळी उतरली का?" मी म्हणे, "थोडी."

मग मामा दोन दिवस शिरूरला चर्चच्या कामाला गेले. दाविद लाईनवर. कोंबड्यांना दाणे टाकायला किल्ली माझ्याकडे. चिंधीची बाटली सकाळीच संपली होती आणि समोर फळीवर तारेच्या बाटल्या ओळीनं उभ्या. माझ्या शहाण्या डोक्यानं हिशेब केला. चिक्कू माणूस. मला पातळ देतो, दाट स्वतःला ठेवतो. मी दोन बाटल्या उचलल्या.

एक सासूबाईंना. फेस बघून त्या म्हणाल्या, "आज जोर दिसतोय औषधाला." संपवली. अर्ध्या घटकेत त्या खुदकन हसल्या. मग मला म्हणाल्या, "तू दिसायला बरी आहेस. तेवढंच आहे." मग भिंतीला टेकून त्यांनी उखाणा घेतला, मामंजींच्या नावाचा, पूर्ण, लाजून. मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली होती. उखाण्याच्या शेवटी त्या रडल्या आणि मग गाढ झोपल्या. उन्हाळी म्हणाल तर पार पळाली.

मी हरखले. दुसरी बाटली पदराखाली घेऊन पोलीस लाईनीत जमादारांच्या आईकडे गेले. तिलाही तोच त्रास होता आणि हळदीकुंकवाला ती मला "कारकुनाची" म्हणून एका बाजूला बसवायची. म्हटलं, बघ आता कारकुनाची काय चीज आहे ती.

हा जमादार म्हणजे नाकजमादार. रस्त्यानं चालणाऱ्याचं तोंड हुंगून आत टाकायचा. संध्याकाळी मी रिकामी बाटली मागायला गेले, कारण बाटली परत गेलीच पाहिजे, तर तो दारातच ती हातात धरून उभा. आतून त्याच्या आईचं गाणं ऐकू येत होतं.

"वहिनी," तो फार हळू बोलला, "हे कुठलं?"

आणि मी हनुवटी वर करून म्हणाले, "आमच्या शेजारच्या शांतवनमामांचं. घरचं आहे. आमच्या सासूबाईंना एका बाटलीत गुण आला. फळीभर आहेत. तारेच्याच मागा, त्या जास्त चांगल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एसटीतून उतरून आले ते दारात शिपाई उभे. मी आमच्या दाराच्या फटीतून बघत होते. दाविद नुकताच ड्युटीवरून आलेला, अंगावर कोळशाची भुकटी. मामांनी फळीकडे पाहिलं. दोन बाटल्यांची जागा मोकळी. मग त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं.

जमादार म्हणाला, "क्वार्टर पोराच्या नावावर आहे. पोराला घेऊन चला."

"पोराला कायबी ठावं न्हाई," मामा म्हणाले. "बरनी माझी, बाटल्या माझ्या."

"आणि ती शेजारची बाई? तिनं बाटल्या आणल्या कुठून?"

"मीच दिल्या. औषध म्हनून दिल्या. तिला काय कळतंय? ल्हान हाय ती."

फोरमनची बरणी ओट्यावर आणून शिपायानं काठी घातली. मामा एवढंच पुटपुटले, "यवतला आलं हुतं रं..." पिवळा ओघळ गटारापर्यंत गेला. भरड्यावर कोंबड्या तुटून पडल्या आणि थोड्या वेळानं सहाच्या सहा झोकांड्या खात, एकमेकींवर पडत अंगणभर फिरू लागल्या. लाईनीतली माणसं पोट धरधरून हसली. शिपाईही हसले. मामांना नेलं तेव्हा माणसं हसत होती ती कोंबड्यांना. मी दाराला कडी लावून घेतली होती.

मामांना सहा महिने येरवडा झाला.

पहिले काही दिवस दाविद संध्याकाळी ओट्यावर एकटा बसायचा. समोर दोन पेले, रिकामे. मला दिसत होतं. जाऊन भाकरी द्यावी, निदान काही बोलावं, असं रोज वाटायचं. यजमान म्हणाले, "त्या घराशी आता संबंध नको." आणि मला ते ऐकायला सोपं गेलं. मग एके संध्याकाळी ओटा मोकळा दिसला. ओढा म्हणजे कुठला ओढा, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

पावसाळ्याच्या तोंडाला त्या भट्टीचा एक घाणा विषारी निघाला. यार्डातले दोन खलाशी गेले. दाविद वाचला. डोळे गेले.

मामा सुटून आले तेव्हा क्वार्टर सोडायची नोटीस दाराला चिकटलेली होती. आंधळ्या फायरमनला क्वार्टर कोण ठेवील? बापलेक शिरूरला भावाकडे जायला निघाले. बोचकी ओट्यावर बांधून ठेवलेली. दाविद एका बोचक्यावर बसला होता, तोंड उन्हाकडे. डोळे उघडे होते, पापणी लवत नव्हती.

सासूबाईंची ती बाटली सहा महिने माझ्या फडताळात कण्यांच्या डब्यामागे होती. मी ती घासली, राखेनं, मग गरम पाण्यानं, मग पुन्हा राखेनं. काय बोलायचं ते आठ दिवस पाठ केलं होतं. "मामा, माझ्यामुळे" असं सुरू होणारं, लांबलचक. बाटली घेऊन त्यांच्यापुढे गेले आणि "मामा" एवढंच निघालं.

बांगड्या वाजल्या तशी दाविदनं मान वळवली. "कोन हाय, आबा?"

"माझी भाची हाय," मामा म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली. उन्हाकडे धरून फिरवून पाहिली. नाक घालून वास घेतला. मग ती एका धोतरात गुंडाळून बोचक्यात खोचली, गाठ मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगली धुतलीस, भाचीबाई. म्हातारीची उन्हाळी उतरली का?"