भटूआप्पांची मोकळी लाइन

भटूआप्पांच्या ओट्यावर चप्पल काढायची तर आधी नंबर विचारावा लागतो. फरशीवर त्यांनी खडूने पाच चौकोन आखले होते. आलेल्याने, आप्पा सांगतील त्या चौकोनात, टाचा भिंतीकडे करून चप्पल ठेवायची. चार चौकोन भरायचे. पाचव्यात कोणी ठेवली, की आतून शिट्टी वाजायची. खरोखरची, पितळी. ती आप्पांच्या गळ्यात दोरीला असते.

"ओ भाऊ! एक लाइन मोकयी! गाडी कव्हय येई सांगता येत नई!"

नवखा माणूस घाबरून रस्त्याकडे बघायचा. गाडी कुठलीच नसायची. मग तो चपला हातात घेऊन आत जायचा. एकदा शाळेचे हेडमास्तर चपला मांडीवर ठेवून चहा पिऊन गेले.

मी आप्पांच्या शेजारी राहते आणि त्यांच्या दोन वेळच्या भाकरी करून देते. मागच्या दाराने अनवाणीच जायचे, म्हणून मला नंबर नव्हता. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत मला बोलता येत नाही, पण बघायला फार आवडतं. आणि आप्पा म्हणजे बघण्यासारखा माणूस.

म्हसावदला परत येण्याआधी आप्पांनी तीस वर्षं गुजरातेतल्या एका साखर कारखान्याच्या यार्डात काढली. उसाने भरलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रका वजनकाट्यावर जाण्याआधी तिथे ओळीने उभ्या राहतात. कोणी कुठे उभं राहायचं, हे आप्पा शिट्टीवर सांगत. नोकरी सुटली, शिट्टी सुटली नाही. लग्नात आप्पा गेले, की मांडवाबाहेरच्या मोटारसायकली ओळीत येतात. भाचीच्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाची घोडीही दोन मोटारसायकलींच्या मधे लावली. नवरदेव वर बसलेलाच होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, विलासभाऊंनी, सुरतेहून मोठ्या पडद्याचा कंप्युटर आणून दिला. वडील एकटे आहेत, मन रमेल म्हणून. आप्पांना त्यात भलतंच सापडलं. पडद्यावर उघडणारं एकेक पान ही त्यांच्या लेखी एकेक गाडी होती, आणि सगळ्या गाड्या एकमेकींवर चढलेल्या.

"देख व मंगल," ते मला म्हणाले, "कोनले काही शिस्तच नई!"

त्यांनी पडद्याचे मनातल्या मनात चार भाग केले. डावीकडे वर नंदुरबारचा मिरचीचा भाव. आप्पांकडे मिरचीचं एक रोप नाही. खाली सुरत-भुसावळ गाड्यांच्या वेळा. त्या गाडीने त्यांच्याकडे कोणी येत नाही, तरी "आज गाडी चाळीस मिनिटं लेट" हे गल्लीला कळवल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. उजवीकडे खाली पत्त्यांचा खेळ. आणि उजवीकडे वरचा भाग रिकामा. मला वाटलं, तिथे गेलेल्या काकूंचा फोटो लावणार असतील. पण काकू भिंतीवर हारात होत्या. त्या कोपऱ्यात नुसता निळा रंग.

आता या पानांना जागेवर बसवायला दोन सोयी आहेत, असं आप्पांना कळलं. एक कंप्युटरसोबत आलेली. दुसरी बाहेरून, इंटरनेटवरून उतरवून घ्यायची, फुकट. तिला ओपन सोर्स म्हणतात. ते मला समजावून सांगायला आप्पांनी अर्धी सकाळ घेतली आणि एक भाकरी करपली.

"पहिली कंपनीनी. आत काय शे, ते दाखाडत नई. दुसरी उघडी शे. दुनियाभरना लोके मियीसन बनाडतस, अन् कोनी बी आत जाईसन दुरुस्त करी शकस."

"त्यासले पैसा कोन देस?" मी विचारलं.

"कोनीच नई!"

"म्हणजे बिबड्यांसारखं."

उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, घालायला आम्ही बायका एकमेकींच्या गच्चीवर जमतो. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. मजुरी कोणी मागत नाही. पीठ कसं शिजवलं ते सगळ्यांसमोर असतं, आणि मीठ कमी पडलं तर कोणीही टाकतं. मी एवढंच सांगितलं. आप्पांनी शिट्टी वाजवली. त्या दिवसापासून बाहेरची सोय झाली "बिबड्यावाली" आणि कंप्युटरमधली झाली "भिंतीतली", भिंतीत बांधलेल्या कपाटासारखी, हलवता न येणारी.

मग परीक्षा सुरू झाली. आठ दिवस एक, आठ दिवस दुसरी. निकाल वहीत. साक्षीदार मी, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं.

भिंतीतली चपळ होती. पान पडद्याच्या कडेला नेलं, की चट चिकटायचं. आप्पांनी वहीत लिहिलं, "हुशार." बिबड्यावालीचं काम सावकाश. आधी आपले चौकोन आपण आखायचे. मग एका हाताने एक बटण दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने पान ओढून चौकोनात सोडायचं. आप्पांचं एक बोट आखडलेलं. ते बटण सुटायचं, पान भलतीकडेच पडायचं, आणि आप्पा त्याला शिट्टी मारायचे. एक दिवस तर ती सुरूच होईना. दोन दिवसांनी आपोआप चालू लागली. कुठल्या तरी देशात कोणीतरी बसून ती नीट केली होती.

आप्पा दिवसभर तेच बोलत होते. "कोन व्हई तो? त्याले काय भेटनं व? मन्ही गाडी अटकनी, हाई त्याले कसं समजनं?"

ती नीट करणाऱ्याला शहाद्याची केळी पाठवता येतील का, हे त्यांनी टपाल कार्यालयात जाऊन विचारलं होतं.

पुन्हा भिंतीतलीची पाळी आली, आणि तिने घोटाळा केला. तीन पानं जागेवर बसली, की उरलेल्या कोपऱ्यात ती बाकीच्या पानांची छोटी छोटी चित्रं दाखवायची. यातलं कोण बसवू, असं विचारल्यासारखी. आप्पा नाही म्हणायचे, ती पुन्हा विचारायची.

"तुले कोनी इचारं?" आप्पा ओरडले. मी परातीवरून उठून आले, तर त्यांनी पडदाच बंद केला होता.

"आप्पा, भराई गयं ते भराई गयं," मी म्हटलं. "इतला राग काब्रं?"

मग ते बोलले, माझ्याकडे न बघता, काळ्या पडद्याकडे बघत.

यार्डात नोकरीच्या सुरुवातीला ते हातभरही जागा सोडत नसत. चाकाला चाक लावून गाड्या उभ्या करत. दुसरा कोणी लावील त्याच्यापेक्षा वीस गाड्या जास्त मावायच्या. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक करून पितळी शिट्टी दिली. ती हीच. त्याच हंगामात, मधल्या ओळीतल्या एका गाडीवर सातपुड्यातून ऊस तोडायला आलेल्या एका पावरा आदिवासी बाईला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. गाडी पुढे निघेना, मागे निघेना. बैल सोडायलाही वाव नव्हता. माणसांनी तिला उसाच्या मोळ्यांवरून, एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर हातोहात देत बाहेर आणलं.

"बाई वाचनी," आप्पा म्हणाले.

बाळाचं मी विचारलं नाही. शिट्टी त्यांनी मुठीत धरली होती.

त्या रात्री वहीत निकाल लागला असावा. सकाळी पडद्यावर बिबड्यावाली होती, चार चौकोन आखलेले, वरचा उजवा रिकामा.

मे महिन्यात विलासभाऊ आले. माणूस चांगला, वडिलांची काळजी करणारा. आल्या आल्या त्यांनी कंप्युटर तपासायला घेतला.

"आप्पा, हाई बाहेरनं काय टाकी दिधं? फुकटमा भलतंसलतं येस. काढी टाकस मी."

"ते उघडं शे रे. कोनी बी आत देखी शकस."

"तुम्ही देखं का आत जाईसन?"

आप्पांनी पाहिलं नव्हतं, आणि पाहून कळलंही नसतं. विलासभाऊ हसले. "मी बी नई देखं. कंप्युटरनीच सोय वापरा. ती इचारस ना, ते मी बंद करी दिधं. कोपरा ऱ्हाई मोकया."

"नुसती रिकामी जागा वेगयी," आप्पा हळूच म्हणाले, "राखेल जागा वेगयी."

"कोनसाठे राखेल शे पन?"

आप्पांची मूठ शिट्टीवर गेली. मी चुलीपाशी होते, तिथून त्यांची पाठ दिसत होती. एखाद्या साहेबासमोर उभी असावी तशी. मुलाला त्यांनी यार्डातलं ते कधीच सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. विलासभाऊंचा हात माउसवर होता.

मी कधी कोणा पुरुषाच्या बोलण्यात मधे पडले नाही. पण दारात येऊन उभी राहिले आणि पिठाचे हात पदराला पुसत म्हणाले, "भाऊ, ती जागा मन्ही शे."

"तुन्ही?"

"मी तठे... बिबड्या देखस. कश्या करतस ते."

कंप्युटरला मी तोवर बोटही लावलं नव्हतं. आणि बिबड्या मला झोपेतही करता येतात.

विलासभाऊंनी कपाळावर हात मारला. "मंग सांगानं व्हतं ना आप्पा! मंगलबाईनी जागा शे म्हनीसन!" त्यांनी माउस सोडला आणि आंघोळीला गेले.

मी भाकरीकडे वळले. कान मात्र तापले होते.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या दाराशी पोचले, तर आतून कडी लावलेली. पुढून शिट्टी ऐकू आली. मी घरी जाऊन चपला घातल्या आणि वळसा घेऊन ओट्यावर आले. खडू ताजा होता. चौकोन सहा झाले होते.

"तुन्हा नंबर पाच," आप्पा म्हणाले. "टाचा भिंतकडे."

आत गेले. पडद्याचेही आता चार नाही, पाच भाग होते. पत्त्यांचा खेळ आखडून त्याशेजारी एक अरुंद चौकोन काढला होता. त्यात कोणी बाई ज्वारीचं पीठ शिजवत होती. पाणी जास्त झालं होतं तिचं. वरचा उजवा कोपरा मात्र होता तसाच, निळा, रिकामा.

भाकरी करून मी निघाले. चपला घातल्या. पायरी समोरच होती, पण मधे सहावा, मोकळा चौकोन येत होता. मी कडेने गेले.