जावईबापूंचं लग्न

गोविंदमामांना साकोलीतल्या एकाही मुलीचं नाव लक्षात राहत नसे. बांगडीचं माप राहत असे.

“हेडमास्तरची ते दोन-सहा नाही काय, तिचं तुमसरले जमलं,” असं ते सांगत, आणि ऐकणाऱ्या बायकांना मुलगी बरोबर कळे. ते सगळ्या गावाचेच मामा; बसस्टँडसमोर त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. आसपासच्या गावांतल्या आज्या, लेकी, नाती त्यांच्यापुढं हात धरून बसलेल्या. कोणाची मुलगी मोठी झाली हे मामांना आधी कळे, घरच्यांना नंतर. मग बांगड्या भरता भरता ते लग्न जुळवून टाकत. त्याबद्दल फक्त चहा घेत. जेवायची वेळ असली तर जेवत.

मुलगा तापट आहे म्हणा, सासू खाष्ट आहे म्हणा, मामांचं उत्तर ठरलेलं. “जुळते हो! बांगडी नवी असली का टोचते. महिन्याभरानं हातालेच आठवत नाही.”

मी दोन-चार. पण नागपूरला वसतिगृहात राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, म्हणून मामांच्या हिशेबात ‘इंग्रजी दोन-चार’.

मामी गेल्या, त्यानंतर काही महिन्यांनी नागपूरच्या भाच्यानं मामांना काचेच्या बरणीत एक मासा आणून दिला. गडद निळा, झालरीसारखी शेपटी लोंबणारा. फायटर म्हणतात त्याला. आमच्याकडं मासा एक तर तलावात असतो नाही तर ताटात. बरणीतला मासा पाहायला माणसं सडक ओलांडून येऊ लागली. त्यात दुकानात चारी बाजूंनी आरसे. आरशात दुसरा नर दिसला की हा गाल फुगवी, पंख ताणी, आणि स्वतःच्याच अंगावर धावून जाई.

“जावईबापू आहेत,” मामा ओळख करून देत. “काम नाही, धंदा नाही, नुसते फुगून बसतात.”

मामांना मूलबाळ नव्हतं. मुलीवाचून लाभलेला हा एकुलता एक जावई. त्याचा पाहुणचारही तसाच. रोज सकाळी मामा नालीवर वाकून डासांच्या अळ्या पकडत. चहाच्या गाळणीनं. त्यामुळे त्या दिवसांत दुकानात चहा नको म्हणणाऱ्यांची संख्या वाढली.

एक दिवस आईबरोबर मी दुकानात गेले, तर मामा बरणीसमोर गालाला हात लावून बसलेले. “वहिनी, पोरगं एकटं आहे वो,” ते आईला म्हणाले. “संध्याकाळ झाली का कोपऱ्यात जाऊन उभं राहते. बोलाले कोणी नाही. मले पाहवत नाही.”

“माशाले कायले बोलाचं असते, भाऊजी?” आई म्हणाली.

“तुम्हाले काय माहीत!” मामा खरंच रागावले.

पुढच्या खेपेला भाच्यानं मादी आणली. लहानशी, मातकट, आखूड पंखांची. मामांनी बरणी उजेडात धरून तिला चहूकडून पाहिलं. “सावळी आहे. पण चालीनं घरंदाज दिसते.” बरोबर दुकानदारानं दिलेलं एक पातळ इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचायला मला बोलावणं आलं.

मी तेव्हा सुट्टीत घरी होते. बी.ए.चं एक वर्ष राहिलं होतं, आणि मामांनी माझंही जुळवलं होतं. मुलगा पवनीचा, सरकारी नोकरीतला. पाहुणे आले, पोहे झाले. मुलाचे वडील म्हणाले, “आता कॉलेजची काही गरज नाही.” बाबा म्हणाले, “नाही, नाही, कशाला!” साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. मला कोणी काही विचारलं नाही. मला ते शेवटचं वर्ष हवं होतं. हे वाक्य मी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत तयार करून ठेवलं होतं. बोलले एकाही भाषेत नव्हते.

पुस्तक मात्र मी मोठ्यानं वाचलं. “मामा, यात लिहिलंय की दोघांना लगेच एकत्र सोडायचं नाही. शेजारी शेजारी वेगळ्या बरण्यांत ठेवायचं. मादीची तयारी असेल तरच सोडायचं. नाही तर नर तिला मारून टाकतो.”

मामा हसले. “ते इंग्रजाच्या माशाची गोष्ट आहे, पोरी. आपल्याकडं जुळते.”

लग्न शुक्रवारी लागलं. मोठी बरणी मधोमध. बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मामांनी बरणीत आडवा उभा केला होता. तो अंतरपाट. एका बाजूला जावईबापू, दुसऱ्या बाजूला नवरी. शेजारचा पानवाला, शिंपीणबाई, बसची वाट पाहणारे चार प्रवासी, असं वऱ्हाड जमलं. अक्षता पाण्यात टाकायच्या नाहीत अशी मामांची ताकीद होती, म्हणून त्या मामांवरच पडल्या. पानवाल्यानं मंगलाष्टक म्हटलं. त्याला एकच कडवं येत होतं, ते त्यानं पुन्हा पुन्हा म्हटलं. ‘सावधान’ झालं आणि मामांनी पुठ्ठा वर उचलला.

जावईबापू फुगले. सगळे हसले. “लाजली, लाजली,” शिंपीणबाई म्हणाली, कारण नवरी मागं सरकून काचेला चिकटली होती. पुढच्या क्षणी तो तिच्यावर गेला. निळा फराटा दिसला, पाणी ढवळलं, ती वर आली, खाली गेली. पळायला बरणीत जागाच नव्हती. तिच्या शेपटीचा तुकडा पाण्यात तरंगताना मला दिसला.

“घेते, थोडं थांबा, जुळवून घेते,” प्रवाशांतलं कोणी तरी म्हणालं.

मामांनी शर्टाच्या बाहीसकट हात बरणीत घातला आणि तिला तळहातावर काढलं. मग दुकानाचं दार ओढून घेतलं. वऱ्हाड बाहेर, मी तेवढी आत राहिले, कारण पुस्तक माझ्याकडं होतं.

पाण्यात जरासं मीठ घालावं, असं त्यात होतं. ते आम्ही घातलं. ती लहान बरणीच्या तळाशी पडून होती, कल्ले तेवढे हलत होते.

“ते तयारीचं पुन्हा वाच बरं,” मामा म्हणाले.

मी वाचलं. तयारी असली की मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसतात. ती आपण होऊन त्याच्याकडं जाते. नसली तर लपायला बघते.

“म्हणजे सांगते ते?”

“हो मामा. बघितलं तर दिसतं.”

“आणि एकडाव जमलं का? मग तं राहतात न संगं?”

“नाही. अंडी झाली की तिला लगेच काढून घ्यायचं. पिल्लं तो एकटाच सांभाळतो. दोघं कायमचे एका बरणीत राहतच नाहीत.”

मामांनी दोन्ही बरण्या फळीवर शेजारी ठेवल्या आणि मध्ये पुठ्ठा उभा केला. “जाऊ दे. शेजारी तं राहतीन,” ते म्हणाले.

मादी जगली. तिची शेपटी हळूहळू भरू लागली. पण गावानं मामांना सोडलं नाही. “मामा, नवरी माहेरी कायले गेली?” असं जाता-येता विचारत. मामा ‘जुळते’ म्हणत नसत. हे मात्र नवीन होतं.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी ते पेटी घेऊन आमच्या घरी आले. हिरव्या बांगड्या भरायला. बाबा ओसरीवर पाहुण्यांच्या गाद्या मोजत होते, आई स्वयंपाकघरात. मी मधल्या खोलीत मामांसमोर बसले आणि हात पुढं केला.

बांगडी भरणाऱ्याला हात सैल लागतो. अंगठा आत दुमडायचा, बोटं मऊ सोडायची. लहानपणापासून मला ते येत होतं. त्या दिवशी येईना. मामांनी बोटं चोळली, तेलाचा हात लावला. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी येऊन थांबली.

“सैल सोड, बाई.”

मी प्रयत्न केला. हात लाकडासारखा. दुसऱ्या कोणाचा हात असता तर मामांनी आता दाब दिला असता. बांगडी गेली असती, नाही तर फुटली असती. त्यांनी ती काढून घेतली आणि माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत ते मापाकडं बघत आले होते. तोंडाकडं बघताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

“तुही तयारी नाही काय वो?” त्यांनी हळूच विचारलं.

माझी दोन्ही भाषांतली वाक्यं गेली. “मामा, एक वर्ष राहिलंय,” एवढंच म्हणाले.

ते उठून ओसरीवर गेले. “बापू,” त्यांनी बाबांना हाक मारली, “गाद्या राहू द्या. हे लग्न मले करू नये असं वाटते.”

“काय झालं? मुलात काही खोट निघाली?”

“पोरगा चांगला आहे.”

“मग पोरगी काही बोलली?”

“पोरगी कायले बोलन? मी बोलून राहिलो. घाई माही झाली. पवनीले मी जातो, चार शिव्या खातो. तिचं कॉलेज होऊ द्या, मग पाहू.”

बाबा खूप बोलले. बसस्टँडवर लोक हसतील म्हणाले, मामांच्या शब्दावर यापुढं कोणी पोरगी देणार नाही म्हणाले. मामा खाली मान घालून सगळं ऐकत होते, आणि मधून मधून “बरोबर आहे, बापू” म्हणत होते. पण जागचे हलले नाहीत. शेवटी बाबांनीच गाद्या गुंडाळल्या.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. आभार मानायचे होते, ते जमलं नाही. विचारलं, “हात असा ताठ झाला की तुम्हाला नेहमीच कळतं?”

“कळाचं काय त्यात? लई पोरींचा होते. मी म्हणो, लाजते.” त्यांनी पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलली. “तुह्या मामीचा बी होता. आमच्या लग्नात तिले बांगड्या मीच भरल्या. धंदाच आपला, दुसऱ्याले कायले बोलवाचं? दाबून भरल्या. दोन फुटल्या, तं मी हासलो.”

मी फाटक धरून उभी राहिले.

“चांगली राहिली बिचारी. कधी वर आवाज नाही. खुशही असन. पण विचाराले पाहिजे होतं न, पोरी. विचारलं असतं तं काही तरी बोलली असती.”

दुपारची वेळ होती. पेटी खांद्यावर घेऊन ते पवनीच्या गाडीची वेळ विचारायला निघाले, आणि वळणावर जाईपर्यंत बांगड्या किणकिणत राहिल्या.