तहहयात खोली

जुने कायदेशीर शब्द मला कुणी शिकवू नयेत! वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसांची मुद्रितं तपासण्यात माझी अर्धी हयात गेली आहे. म्हणूनच मेहुण्याचं नवं घर तयार होईपर्यंत आमची मागची खोली त्याला द्यायचं ठरलं, तेव्हा मी म्हणालो, "पाहुणा असो की मेहुणा, लेखी असलेलं बरं!"

आणि झोकात लिहिलं : 'सदरहू खोली मेहुण्यास तहहयात वापरण्यास देत आहे.'

"अहो, तहहयात म्हणजे काय?" बायकोने विचारलं.

"तह म्हणजे समेट. हयात म्हणजे जिवंत. दोन्ही पक्षांनी जिवंतपणी केलेला समेट!"

"मेलेले कशाला करतील?"

"कायद्याला सगळं स्पष्ट लागतं!"

कागद वाचून मेहुण्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "भावोजी, एवढं मोठं मन!"

मला वाटलं, गडी माझ्या भाषेवर भाळला.

दुसऱ्याच दिवशी भिंतीत ड्रिल घुसलं. फळ्या बसल्या. खोली पोपटी झाली. हा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, त्यामुळे सकाळी चहाबरोबर सरावही सुरू झाला. म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे!

मग एकदा जेवताना तो म्हणाला, "ताई, नव्या घराचं बुकिंग रद्द करायला सांगितलं."

मी हातातला घास ताटात ठेवला. "अरे, मग राहणार कुठे?"

"इथेच! तुम्हीच मरेपर्यंत लिहून दिलंय ना?"

तिघंही तडक वकीलबाईंकडे गेलो.

"मूळ शब्द 'ता हयात'," त्या म्हणाल्या. "फारसीत 'ता' म्हणजे 'पर्यंत'. हयात असेपर्यंत. तहाचा काही संबंध नाही."

"कोण हयात असेपर्यंत?"

"ज्याला खोली दिली, तो."

मी मेहुण्याकडे पाहिलं. ट्रम्पेट फुंकून फुप्फुसं लोहाराच्या भात्यासारखी झालेली! शंभरी कुठे गेली नव्हती.

"घर कुणाच्या नावावर आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्या," बायको म्हणाली.

"मग यांनी लिहिलेला हा कागद म्हणजे रद्दी!"

माझा जीव भांड्यात पडला. मेहुण्याचा मात्र चेहरा पांढराफटक! बायकोने तिथूनच बिल्डरला फोन लावला, त्याला गोडीत घेतलं आणि बुकिंग वाचवलं. "किल्ली मिळेपर्यंत तू आमच्याकडेच," तिने भावाला सांगितलं.

सगळे उठले. मी मागे रेंगाळून हळूच विचारलं, "बाई, मग त्या घरात मी नेमका कोणत्या हक्काने राहतो?"

त्यांनी दाराकडे चाललेल्या माझ्या बायकोकडे एक नजर टाकली.

"मर्जीने," त्या म्हणाल्या.

या शब्दाचा अर्थ मात्र मी कुणाला विचारला नाही.