कार्टूनच्या गावाची मोजणी

रविवारी सकाळी साडेसहाला नागपूरच्या झिरो माईल चौकात एखादा सत्तरीचा माणूस रस्त्यावर फीत पसरून कार्टून सिनेमातलं शहर मोजताना दिसला, तर घाबरू नका. ते आमचे भोयर काका. फितीचं दुसरं टोक धरून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून ओशाळं हसणारा जो माणूस दिसेल, तो मी.

काका माझे शेजारी, अगदी भिंतीला भिंत. मूळचे सावनेरकडच्या एका खेड्यातले, घरी अजून कापसाची शेती आहे. उभी हयात त्यांनी भूमापन खात्यात सरकारी मोजणीदार म्हणून काढली. दोन सख्खे भाऊ वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कुऱ्हाडी घेऊन उभे असायचे आणि काका त्यांच्या मधून साखळी ओढत जायचे. त्यामुळे जगातली सगळी भांडणं मोजणीने मिटतात, असा त्यांचा ठाम समज आहे. कोणी काही म्हणालं की त्यांचा पहिला प्रश्न, "मोजलं काय? नाही न? मंग बोलू नोको."

हे तत्त्व ते घरातही पाळतात. आमचा नवीन सोफा दारातून आत जाणार नाही हे त्यांनी टेम्पो यायच्या आधी सांगितलं होतं. माझ्या मेहुणीसाठी स्थळ बघायला त्यांना सोबत नेलं, तर मुलगा कसा वाटला हे विचारल्यावर म्हणाले, "पोरगा ठीक आहे गा, पण त्यायच्या कंपाउंडची उत्तरेची भिंत दीड फूट दुसऱ्याच्या जागेत आहे." आम्ही ते स्थळ सोडलं. नंतर तिथे खरंच कज्जा उभा राहिला, तेव्हापासून माझी बायको काकांना साधूपुरुषासारखा मान देते.

अशा माणसाच्या पोटी पल्लवी जन्मली. ती भिंतीवर, वहीवर, वडलांच्या सरकारी नकाशांच्या पाठीवर चित्रं काढत मोठी झाली आणि आता कॅनडात असते. तिथे एक कार्टून सिनेमा निघाला. त्यातली मुख्य पात्रं दुसऱ्यांनी काढली, पण त्यांच्या मागचं अख्खं शहर, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसकट, पल्लवीने काढलं. सिनेमात एका शहरात ऐन मे महिन्याच्या दुपारी डांबरी रस्त्याचं पाणी होतं आणि मासे पोहत पोहत लोकांच्या दारापर्यंत येतात. तिकडच्या लोकांना म्हणे ही कल्पना फार अद्भुत वाटली. नागपूरचा मे ज्याने काढलाय त्याला त्यात फक्त मासेच नवीन आहेत.

"शहर आपलंच आहे, ओळखा," असा तिचा निरोप आला. मग आमची अर्धी गल्ली काकांच्या टीव्हीपुढे चिवड्याच्या वाट्या घेऊन बसली. झिरो माईलचे दगडी घोडे आले, फक्त त्यांची आयाळ निळी. इतवारीची गल्ली आली, वर पतंगांऐवजी बगळे. धंतोलीतलं जुनं गच्चीवालं घर आलं, जिथे आता दवाखाना झालाय. दर दोन मिनिटांनी कोणीतरी ओरडायचं, "अरे, हे त आपलं!" काकू पदराने डोळे पुसत होत्या. आपलं रोजचं, धुळीचं गाव असं झोपेतून उठल्यासारखं समोर येताना पाहून मलाही भरून आलं. एवढ्यात काकांनी रिमोटने सिनेमा थांबवला, उठून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, "हा ओटा इतका उंच नाही."

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली. खरीखुरी, दोन्ही बाजूंनी समास सोडून लिहिलेली. "लगतधारक श्री. काळे यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सिनेमात दर्शविलेल्या स्थळांची प्रत्यक्ष मोजणी करण्यात येणार असून आपण पंच म्हणून हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून काम पूर्ण करण्यात येईल." मोजणीच्या वेळी शेजारच्या जमीनवाल्याला बोलवावंच लागतं, हा नियम. आता सिनेमातल्या शहराचा मी शेजारी कसा, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आलिया भोगासी म्हणून गेलो.

पहिल्या रविवारी घोडे झाले. सिनेमातलं एकेक दृश्य काकांनी कागदावर छापून आणलं होतं. ते समोर धरायचे, एक डोळा मिटायचे, चार पावलं मागे, दोन पावलं डावीकडे. "पाहा गा, हिनं घोड्याचं पोट दाखवलं. इथून घोड्याचं पोट दिसते काय?" मी म्हटलं, दिसत नाही. "लिवा. चूक."

दुसऱ्या रविवारी आम्ही इतवारीत गेलो आणि तिथे गोंधळच झाला. काका एका दुकानाच्या ओट्याची उंची घेत होते. रस्त्यावर कोणी फीत काढली की रस्ता रुंद होणार आणि ओटे तुटणार, हे इतवारीत लहान पोरालाही कळतं. दहा मिनिटांत सगळी गल्ली जागी. दोघांनी पायरीवरचे डबे आत ओढले, एकाने ताडपत्री सोडवली. किराणावाले शेठ हात जोडून आले. "साहब, हमारा ओटा आजोबाच्या टाईमचा आहे. चाय घ्या न."

"मी काही तोडाले नाही आलो," काका म्हणाले. "माह्या पोरीनं हा ओटा सहा फूट काढला. हा भरते चार."

शेठनी कागद पाहिला. सुटका झाली म्हणून हसले, मग डोळ्यांजवळ धरून पुन्हा पाहिला. चित्रात त्यांच्याच दुकानात फक्त एक मान आणि टोपी दिसत होती, ओट्याच्या पलीकडे, उगवत्या सूर्यासारखी. "हे बाबूजी आहेत हो, माझे वडील," ते म्हणाले. "अशीच टोपी घालत." त्यांनी चहा पाजला आणि तो कागद मागून घेतला.

खरं सांगायचं तर मला या रविवारांची गोडी लागली होती. थंडीचे दिवस होते. संत्र्यांच्या गाड्या उतरत असायच्या आणि धुक्यात तो आंबटगोड वास हिंडत असायचा. फीत धरून एका जागी उभं राहिलं की आपलं गाव हळूहळू सरकतंय असं वाटायचं. धंतोलीत दवाखान्यासमोर उभा असताना मला वरच्या मजल्यावर जुनी गच्ची दिसली, शप्पथ. तिच्यावर साडी वाळत होती. खालून पहारेकरी विचारत होता, पेशंट कुठला, यवतमाळचा का? मी मान हलवून हो म्हणालो.

काका मात्र कामात चोख. चार रविवारांच्या मोजणीचा त्यांनी तक्ता केला. स्थळ, चित्रातलं माप, प्रत्यक्ष माप आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, "चूक". खाली मी पंच म्हणून सही केली, देव मला क्षमा करो. तो तक्ता त्यांनी पल्लवीला पाठवला.

तिचं उत्तर आलं, "बरोबर आहे बाबा." त्यानंतर दर रविवारचा तिचा फोन बंद झाला.

तीन आठवडे गेले. काका पूर्वीसारखेच फिरत होते, पण बोलणं कमी झालं होतं. एके सकाळी काकूंनी मला भिंतीवरून हाक मारली. मेथी निवडता निवडता बोलत होत्या, माझ्याकडे न बघता.

"काळे भाऊ, तुमी तरी समजावा यायले. पोरगी कॅनडाले जाऊन राहिली होती तवा हे मौद्याले मोजणीवर गेले. सुट्टी मिळत नाही म्हणे. सुट्टी मिळे, मले मालूम नाही काय? चित्रं काढून पोट भरते काय, असं बोलले होते तिले. मंग तोंड कसं दाखवावं?"

मी म्हटलं, "पण काकू, आता तर सगळं ठीक आहे न?"

"काहाचं ठीक! सिनेमा चार खेपा पाह्यला यायनं. मोजाले नाही गा, स्वतःले शोधाले. त्यात रसवाला आहे, शेठ आहे, मी बी आहे कुरड्या घालताना, मोकाट गोऱ्हा बी आहे. सारा गाव काढला तिनं. हे कुठीच नाहीत." त्यांनी मेथीची जुडी आपटली. "ते बोलत नाहीत. फीत घेऊन निंगतात."

मला माझ्या सहीची लाज वाटली. दर रविवारी हा माणूस माझ्या समोर आपल्या मुलीच्या मनात आपल्याला जागा आहे का ते बघत होता, आणि त्यांनी "लिवा, चूक" म्हटलं की मी लिहीत होतो.

तरी पुढच्या रविवारी गेलोच. एक चित्र उरलं होतं, शुक्रवारी तलावाचं. चित्रात काठाची भिंत पुढे आडवी येते, तिच्यावरून पाण्याची नुसती एक पट्टी दिसते आणि वर आभाळच आभाळ. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं बसलं होतं आणि पलीकडचा काठ नव्हताच. काकांनी कागद धरला. "आता सांगा. भिंत आपल्या कमरेएवढी. इथून सारा तलाव दिसते. हिनं पट्टीच दाखवली." आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

वारा आला आणि कागद हातातून सुटून रस्त्यावर गेला. काका त्याच्यामागे गेले, एक गुडघा टेकला, मग कण्हत दुसरा टेकला. कागद उचलला. पण ते उठले नाहीत. दोन्ही गुडघ्यांवर तसेच, भर रस्त्यात, कागद डोळ्यांपुढे धरून.

एक दूधवाला गाडी थांबवून म्हणाला, "चष्मा पडला काय काका?"

"काळे भाऊ," काका म्हणाले, "इकडं या. टेका खाली."

मी टेकलो. माझ्या पायजम्याचं काय झालं ते बायकोला माहीत. पण खाली गेलो आणि भिंत वर आली. तलाव आटून पट्टी झाला. आभाळ एकदम एवढं मोठं झालं, की मी आधाराला भिंतीकडे हात नेला. चित्र आणि समोरचं दृश्य यांत सुताचाही फरक उरला नव्हता.

काकांनी मला जमिनीपासून त्यांच्या डोळ्यापर्यंत माप घ्यायला लावलं. पावणेचार फूट. मग त्यांनी पिशवीतली सगळी चित्रं रस्त्यावर मांडली. घोड्याचं पोट, ओट्यामागची टोपी, धंतोलीची गच्ची. बोटाने हवेत रेघा ओढत पुटपुटत होते. सगळी चित्रं एकाच उंचीवरून काढलेली होती, आणि एकही फुटपाथवरून नव्हतं. सगळी रस्त्यातून, कडेपासून दोन मीटर आत.

"लेकरू असन," ते म्हणाले. "चार वर्षांचं. पण चार वर्षांच्या लेकराचे डोळे तीन फुटावर राह्यते. मंग हे वरचं पाऊण फूट काहाचं? पायाखाली काय होतं?"

दूधवालाही थांबलाच होता, डबे खाली ठेवून.

"स्कूटर," काका म्हणाले.

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी फिरवत होतो गा तिले. समोर उभी राहे, हँडल धरून. इतवारी, धंतोली, इथं तलावावर. बसायचं नावच घेत नव्हती." त्यांनी चित्रांवरून हात फिरवला. "मी मागं होतो."

दूधवाल्याने आणि मी त्यांना उचलून भिंतीवर बसवलं. तिकडे शनिवारची संध्याकाळ असणार. काकांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनचा आवाज सगळ्या तलावाला ऐकू जाईल एवढा मोठा असतो.

"पल्लवी, तुही मोजणी बरोबर आहे. चूक माही. मी उभ्यानं मोजलं."

ती म्हणाली, "तुमी खाली बसले बाबा? रस्त्यावर?"

"टेकलो. काळे भाऊ बी टेकले."

"तुमचे गुडघे!" ती हसली की रडली ते कळलं नाही. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. कधी नव्हे ते त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"मले वाटलं, तू मले वगळलं."

"बाबा, किती दिवस तुमाले काढून पाह्यलं मी. तुमचं तोंड येतच नव्हतं. मी समोर पाहत राहो न. तुमच्या शर्टाची गुंडी माह्या डोक्याले टोचे, तेवढं आठवते. ते चित्रात कसं दाखवू, सांगा बरं?"

काकांनी "जेवली काय?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली. उद्या परत करते म्हणाली. फोन बंद झाला.

धुकं उठत होतं, पलीकडचा काठ दिसू लागला होता. दूधवाला डबे अडकवून निघून गेला. काका आपल्या सदऱ्याच्या गुंड्यांवरून बोट फिरवत होते, गळ्यापासून खाली, हळूहळू.

"दुसरी असन, वरून," ते म्हणाले. बोट थोडं खाली सरकलं आणि तिथेच थांबलं. "नाही. तिसरी. लहान होती न तवा."