नाव घ्यायची परवानगी

टाकळकर वकिलांइतका भित्रा माणूस परतूरच्या कोर्टात दुसरा नाही. उभं आयुष्य वकिलीत गेलं, डोक्यावर एक काळा केस उरला नाही, तरी शिपायाने पुकारा केला की यांची धांदल उडते. आधी पाणी पितात, मग गळ्याची पांढरी पट्टी चाचपतात, मग दार उघडं आहे ना ते बघतात. मीही वकीलच, शेजारच्या टेबलावर बसतो, त्यामुळे ही भीती मलाही लागते, सर्दीसारखी.

गरिबांना सरकारकडून फुकट वकील मिळतो, ती कामं टाकळकर घेतात. पक्षकार आधीच घाबरलेला असतो. त्याला हे सांगतात, "तुम्ही बिलकुल भेऊ नका. भ्यायला मी हाये ना." आणि खरंच, दोघांच्या वाटचं भितात.

मंठ्याकडच्या सुमनबाईंना तर वकिलाचीच भीती होती. नवरा वारला आणि दीर राहत्या घरावर उठला. म्हणे, ही माझ्या भावाची लग्नाची बायकोच नाही. त्यात गावात कुणी सांगितलेलं, फुकटचा वकील फितूर होतो. बाईंनी टाकळकरांना तसं तोंडावर विचारलं. हे म्हणाले, फितूर व्हायलाही धाडस लागतं, ते माझ्यात नाही. बाईंची खात्री पटली.

साक्षीच्या दिवशी दीर समोरच बसला, बाईंवर डोळे रोखून. त्याच्या वकिलाने विचारलं, नवऱ्याचं नाव सांगा. बाई गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव जिभेवर आणत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर विचारलं. वर म्हणाला, नाव सांगता येत नाही तो नवरा कसला? न्यायाधीशबाईंनी समजावलं, नाव तुमच्याच तोंडून आलं पाहिजे. सुमनबाई थरथरायला लागल्या. घर डोळ्यांदेखत चाललं होतं.

टाकळकर टेबल धरून उठले. "मॅडम, बाई नाव सांगणार न्हाईत. त्यांना नाव घ्यायची परवानगी द्या."

कोर्टात खसखस पिकली. विधवेला कुणी उखाणा घ्यायला सांगतं का? बाईंनी टाकळकरांकडे बघितलं. त्यांचे हात बाईंपेक्षा जास्त कापत होते. ते बघून की काय, बाईंनी पदर सावरला.

"दारातल्या तुळशीला पाणी घालते वाकून,
दत्तारावांचं नाव घेते, घर द्या राखून."

आता कुणी हसलं नाही. न्यायाधीशबाईंनी नाव नोंदवून घेतलं. पुढे निकाल लागला आणि घर सुमनबाईंचंच राहिलं.

साक्षीच्या त्या दुपारी मात्र टाकळकर टेबलावर दिसेनात. कोर्टामागच्या लिंबाखाली एकटेच उभे होते, डोळे पुसत. मला वाटलं, अजून भीती उतरली नसेल.

"आमची मंडळी गेली त्याला लई दिवस झाले," ते म्हणाले. "संक्रांतीला हळदीकुंकवाच्या टायमाला माझं नाव घ्यायची. आता समदे वकीलसाहेबच म्हणून राह्यले." संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप काढायची कोर्टापेक्षा जास्त भीती वाटते, असंही म्हणाले.

वाईट फार वाटलं. शेवटी म्हणालो, "चला रंगनाथराव, चहा घेऊ."

ते दचकले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "परत एकदा म्हणा बरं."