पंधराशे मैलांचा अर्ज

नेब्रास्का राज्यातल्या ऑर्लिन गावचे निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक वेन्डेल क्राउझ यांनी मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक निर्णय घेतला. स्वतःच्या चार आसनी विमानातून मेन राज्यातल्या थोरल्या भावाकडे जायचं. अंतर पंधराशे मैल. विमानाचं वय पंचावन्न, वैमानिकाचं बहात्तर. दोघांचीही वार्षिक तपासणी नुकतीच झाली होती आणि दोघंही उडण्यास योग्य ठरले होते.

कारण साधं होतं. भाऊ मर्ल, वय त्र्याऐंशी, याची दृष्टी जात चालली होती. डॉक्टरांनी पानगळीपर्यंतची मुदत दिली होती. फोनवर मर्ल म्हणाला, "जन्मभर लॉबस्टर पकडत हा किनारा खालूनच पाहत आलो रे. एकदा वरून दाखव. मग डोळे गेले तरी बेहत्तर."

"आलोच. गुरुवारी निघतो," वेन्डेल म्हणाला, आणि त्याच्या बायकोने, आर्डिथने, बॅग भरायला घेतली.

विमान वेन्डेलचं होतं. पण ते ठेवायची शेड फ्लाइंग क्लबची होती, आणि शेडची किल्ली क्लबच्या सुरक्षा समितीकडे होती. दोन वर्षांपूर्वी एक सभासद उभ्या विमानाशेजारी बर्फावरून घसरून पडला होता, तेव्हा ही समिती नेमली गेली. तीनशे मैलांपलीकडच्या प्रवासासाठी समितीचा अर्ज क्रमांक सात भरावा लागे. प्रश्न चाळीस. प्रत्येक धोक्याला गुण. वीसच्या वर गुण गेले की किल्ली नाही.

समितीचे अध्यक्ष व्हर्लिन स्टकी हे वेन्डेलचे तीस वर्षांचे मित्र. सुरक्षेच्या कारणास्तव ते स्वतः अकरा वर्षांत उडाले नव्हते.

"प्रवासाचं कारण?" स्टकीने पेन्सिल उचलली.

"मर्लची दृष्टी चाललीय."

"अरेरे." स्टकीला खरंच वाईट वाटलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि सहा गुण लिहिले. "भावनिक दडपण. दडपणाखालचा माणूस हटकून ढगात शिरतो."

"मग लिही, सहज चाललोय."

"विनाकारण प्रवास? त्याला आठ."

वेन्डेलने सहा घेतले. पुढे वाटेत महासरोवरं आली. वरून गेलं तर खाली पाणी, सात गुण. वळसा घातला तर अंतर वाढणार, म्हणजे थकवा, पाच गुण. थकव्यावर उपाय म्हणून मुक्काम वाढवले, तर प्रत्येक मुक्कामी विमान उतरवणं आलं, आणि सगळ्यात धोक्याचं ते उतरवणंच. मुक्काम कमी करायला जादा इंधन घ्यावं, तर वजन वाढलं. वजन कमी करायचं म्हणून आर्डिथला यादीतून वगळलं. लगेच सोबतीला कुणी नाही, म्हणून तीन गुण चढले.

"मी ओझं की सोबत, ते एकदा ठरवा दोघांनी," आर्डिथ म्हणाली आणि तिने बॅग रिकामी केली. तोवर तीन गुरुवार होऊन गेले होते.

जूनमध्ये हवामानाचा प्रश्न आला. समितीला पंधराशे मैलांवर एकाच वेळी निरभ्र आकाश हवं होतं.

"ओहायोत ढग आहे," स्टकी म्हणाला.

"अरे, ओहायोत मी दुसऱ्या दिवशी पोचणार."

"तोवर तो मोठा झालेला असेल."

आणि इथेच काहीतरी बिघडलं. वेन्डेलला हे सगळं आवडायला लागलं. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले, तीन स्क्रीन लागले, वाऱ्याचे तक्ते भिंतीवर चढले. क्राउझ दांपत्य उभ्याने जेवू लागलं. आजूबाजूच्या गावांतले वैमानिक कॉफी प्यायला म्हणून यायचे आणि देवदर्शनाला आल्यासारखे तो आराखडा बघून जायचे. निघणार कधी, असं एकानेही विचारलं नाही. जुलैत गुण बावीसवर आले, आणि नेमका त्याच आठवड्यात वेन्डेलला त्र्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. वयाचा एक गुण. तेवीस. क्लबच्या वार्षिक जेवणात मात्र त्याला 'वर्षातील सर्वोत्कृष्ट नियोजित उड्डाण' हे मानचिन्ह मिळालं. सगळे उभे राहिले. शेडमध्ये विमानाच्या झाकणाखाली चिमण्यांनी घरटं केलं होतं. त्यांच्याकडे कुणी अर्ज मागितला नव्हता.

ऑगस्टच्या एका सकाळी आर्डिथने गाडीत बॅग टाकली, वाटेत खायला सँडविच घेतले आणि ती एकटीच निघाली. चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"मर्लला फिरवून आणलं रे विमानातून! इथे एक बाई आहे, पर्यटकांना नेते. अर्धा तास फिरलो."

"ढग नव्हते?"

"होते की. आम्ही त्यांच्या खालून गेलो. मर्ल काचेला नाक लावून बसला होता. म्हणाला, 'एवढंसंच आपलं गाव? सबंध आयुष्य यात मावलं कसं?' मग हसला, मग रडला. खाली उतरल्यावर त्या बाईचा हातच सोडेना."

वेन्डेलला विचारायचं होतं, पाणी कोणत्या रंगाचं दिसलं? मर्लला त्याची बोट ओळखू आली का? पण तोंडातून निघालं ते असं:

"चढण्याआधी त्याचं वजन केलं होतं का?"

"तो विचारत होता, तू कधी येतोस," आर्डिथ म्हणाली.

"बावीसवर आणतो पुन्हा," वेन्डेल म्हणाला. त्याला रडू येत होतं, आणि तेवढ्यात ओहायोतला ढग हलला म्हणून त्याने स्क्रीनकडे पाहिलं.

परत आल्यावर आर्डिथ भांडली नाही. तिने एक कोरा अर्ज क्रमांक सात घेतला आणि चाळिसाव्या प्रश्नाखाली स्वतःच्या अक्षरात एक्केचाळिसावा लिहिला: 'पलीकडे तुमची वाट कोण पाहत आहे? कधीपासून?'

समितीला प्रश्न फार मार्मिक वाटला. तो एकमताने मंजूर झाला आणि छापूनही आला. वाट पाहणारं माणूस असणं म्हणजे दडपणच, म्हणून दरमहा दोन गुण ठरले. तेव्हापासून सगळे सभासद तिथे 'कुणीही नाही' असं लिहितात. शून्य गुण मिळणारं उत्तर तेवढं एकच आहे, आणि ते आपल्यालाही पाठ आहे.