घराला बांधलेला दोर

हाजी मातुसीन यांच्या ओसरीवर अर्धा पेला चहा होतो न होतो, तोच लामारानीला घर हलू लागल्याचा प्रत्यय आला. हा गृहस्थ जन्मजात दर्यावर्दी. गोडे पाणी भरणे आणि मयताला मूठमाती देणे, या दोन कार्यांव्यतिरिक्त त्याने भूमीला कधी पाय लावला नव्हता. परंतु पुत्र पिदाल याचे मन हाजींची कन्या, दवाखान्यातील परिचारिका नोरसिदा, हिच्यावर जडले. सबब पित्याला मागणी घालण्यास येणे प्राप्त झाले. हाजींची अट एकच होती : मद्यप्यांच्या घरी मुलगी देणे नाही.

"पाव्हणं, झुलताय का?" हाजींनी भुवई उंचावली.

"मी कुठं? घर झुलतंय तुमचं! नांगर सुटला वाटतं."

भावी व्याह्याच्या मालमत्तेविषयी कळकळ वाटून लामारानी उठला, कमरेचा दोर सोडला आणि ओसरीचा खांब समोरच्या माडाला आवळून बांधू लागला.

"हे काय चाललंय?"

"ओहोटी लागलीय, हाजीसाहेब. घर वाहून गेलं तर पोरीला मागायला कुठल्या बेटावर येऊ?"

"प्यायलाय हा! नोरसिदा, विसर हे स्थळ!"

नोरसिदाने पुढे होऊन वास घेतला. "बाबा, नुसता सुक्या मासळीचा वास आहे. अहो, कानाच्या आत वळणदार नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. डोकं कललं की ते हलतं नि मेंदूला तोल कळतो. यांचा मेंदू जन्मभर लाटांवरच शिकला. आता लाट नाही, तरी तो सांभाळतोच आहे."

"कानानं माणूस झिंगतो? मला शिकवतेस?"

"मग यांच्या होडीत बसून एक पेला चहा संपवा. संपवलात, तर पिदालचं नाव काढणार नाही."

हाजी म्हणजे वडासारखे भक्कम; लेकाचा संसार आता एका पेल्यात बुडणार, असे लामारानीला वाटले.

होडीत हाजी ऐटीत बसले. पहिला घोट गेला. दुसऱ्या घोटाला त्यांची मुद्रा हिरवट झाली.

"थांबवा ही होडी!"

"बांधलेलीच आहे, हाजीसाहेब."

"मग समुद्र थांबवा!"

होडीत पाय ठेवताच खडकासारखा स्थिर झालेला लामारानी पुढे सरसावला. व्याह्याचे मस्तक काठाबाहेर धरून तो मायेने पाठ चोळू लागला. "त्या लांबच्या डोंगराकडं बघा. लाजू नका. पहिल्या भेटीत दर्या प्रत्येकाकडून काहीतरी घेतोच."

"दिली मुलगी," हाजी क्षीण स्वरात वदले, "पण आधी मला जमिनीवर न्या!"

वाळूवर पाऊल पडताच लामारानीही पुन्हा डोलू लागला. उभयता एकमेकांच्या गळ्यात हात घालून, हेलकावे खात गावातून निघाले. मासळी वाळवणाऱ्या बायकांचे हात थबकले. "अगं बाई, हाजीसुद्धा?"

दारूबंदीचे पुरस्कर्ते हाजी मान खाली घालून ओसरीपर्यंत आले. तेथे तो दोर तसाच होता. लामारानी ओशाळून गाठ सोडू लागला, तोच हाजींनी डोळे मिटून खांबाला मिठी मारली.

"राहू द्या, व्याही. उलट जरा आवळाच. सैल वाटतेय."